उजव्या दालनातलं पाणी

"विचार माझाच होता, बुवा. पण तिकडे गेलो तो मी नव्हे. मग गेलं कोण?"

मौनीबुवा कापसाच्या वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पाय कुणाचे होते?"

"माझेच."

"मग पायांना विचार."

बुवांनी फार पूर्वी काही वर्षं मौन पाळलं होतं. पुढे मौन सुटलं, नाव राहिलं. दप्तरात एकदा चढलेलं नाव जसं राहतं, तसं.

समोर चटईवर आमदार मुकुंदराव शेलवते बसले होते. खुर्चीची सवय झाल्यामुळे मांडी नीट बसत नव्हती. सदऱ्यावर झेंडूच्या दोन-चार पाकळ्या अडकल्या होत्या. मठाकडे येताना वाटेतल्या गावांत बायकांनी गाडी अडवली होती, ओवाळलं होतं, हार घातले होते. प्रत्येक ठिकाणी मुकुंदरावांनी हात जोडून मान खाली घातली होती.

लोकांना तो विनय वाटला.

"नीट सांग," बुवा म्हणाले. "मला तुमच्या सभागृहातलं काही कळत नाही. इथे पानावर बसला तो जेवला, एवढीच मोजणी."

मुकुंदरावांनी सांगितलं.

सभागृहात एक विधेयक आलं होतं. नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या कुणी जबरदस्तीने फोडल्या, तिचं कुंकू पुसलं, तर तो गुन्हा. मुकुंदरावांचा पक्ष विरोधात होता. घरातल्या रीतींत सरकारने नाक खुपसू नये, ही पक्षाची भूमिका. गेल्या वर्षी हाच पक्ष सत्तेवर असताना हेच विधेयक त्यानेच लिहून कपाटात ठेवलं होतं. पण भूमिका बदलायला कारण लागत नाही, बाक बदलला तरी पुरतं.

पक्षाचा आदेश निघाला. सगळ्यांनी 'नाही' म्हणायचं.

मुकुंदरावांनी विरोधात भाषणही केलं. चांगलं झालं. परंपरा, संस्कार, घराचा उंबरठा... सगळं त्यात होतं. भाषण चांगलं व्हायला विषयावर प्रेम असावं लागत नाही. सराव असला की झालं.

"मग मतदान," मुकुंदराव म्हणाले. "आवाजी झालं, त्यात कुणाचा आवाज मोठा ते ठरेना. म्हणून मोजणी मागितली. आमच्याकडे मोजणीची रीत अशी, की घंटा वाजते. 'होय' म्हणणाऱ्यांनी उठून उजव्या दालनात जायचं, 'नाही' म्हणणाऱ्यांनी डाव्या. मग दारं लावून घेतात आणि डोकी मोजतात."

"बरं."

"पंधरा वर्षं आम्ही सत्तेत होतो, बुवा. विधेयक आमचंच असायचं. घंटा वाजली की उजवीकडे. विधेयक कशाचं आहे, ते पुष्कळदा उजवीकडे गेल्यावर कळायचं."

"आणि यंदा?"

"यंदा डावीकडे जायचं होतं. घंटा वाजली तेव्हा मी एका आमदाराशी कालव्याच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलत होतो. मतदारसंघाचंच काम. तो समोरच्या बाकावरचा. तो उठला, मीही उठलो. बोलत बोलत..."

"पाय उजवीकडे."

"दार लागल्याचा आवाज आला तेव्हा मान वर केली. सगळी त्यांची माणसं."

बुवांनी वळलेली वात पाटावर ठेवली. दुसरी घेतली.

विधेयक एका मताने मंजूर झालं होतं. सत्ताधारी पक्षातले बरेच सदस्य त्या दिवशी आजारी होते. सामाजिक विषय आला की सभागृहात अशी साथ येते आणि दुसऱ्या दिवशी ओसरते.

"आज चार वाजता आमच्या पक्षाचे अध्यक्ष तालुक्याला येतायत," मुकुंदराव म्हणाले. "पत्रकारांना बोलावलंय. त्यांच्यासमोर मी एवढंच म्हणायचं, की चुकून गेलो. मग पक्ष पोटात घालेल."

"आणि नाही म्हटलंस तर?"

"पक्षाचा आदेश मोडला म्हणून आमदारकी जाईल. पुढचं तिकीट तर जाईलच."

"मग म्हण की. चुकून गेलास, हे खरंच आहे."

"खरं आहे... पण तोंडातून निघत नाही."

"का?"

मुकुंदरावांनी सदऱ्यावरची एक पाकळी उचलली आणि मुठीत ठेवली.

"कारण आतून मी त्याच बाजूचा. आजचा नाही, दादा गेला तेव्हापासूनचा. त्या दिवशी अंगणात गावच्या बायकांनी वहिनीला धरून बसवलं. तिच्या हातांवर दगड... मी तिथेच उभा होतो. माझ्या मनाला ते अजिबात पटलं नव्हतं, बुवा. मी मनातून फार विरोध केला."

"मनातून."

"हो."

"कुणाला ऐकू गेला?"

बुवांनी पुढची वात वळायला घेतली.

"आणि पुढे? इतकी वर्षं पत्रकार विचारत असतील तुला."

"विचारायचे ना. मी सांगायचो, माझं वैयक्तिक मत वेगळं आहे, पण पक्षाची भूमिका ती माझी भूमिका."

"ते वैयक्तिक मत कुठे असतं?"

"मनात."

"काय काम करतं?"

"काम असं नाही... असतं."

"म्हणजे पेन्शनीत काढलंस त्याला."

अंगणातून कुणीतरी हसल्यासारखं झालं. मुकुंदरावांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांना ठाऊक होतं तिकडे कोण आहे.

"मग असं कर," बुवा म्हणाले. "पत्रकारांना सांग, मनाला पटलं म्हणून गेलो. हार घालणाऱ्या बायकाही खूश होतील."

"ते खोटं होईल."

"कसं?"

"मी ठरवून गेलो असतो, तर डावीकडेच गेलो असतो."

बुवांनी पहिल्यांदा मान वर करून शिष्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे आज खरं बोललास," ते म्हणाले.

ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आलं होतं. मुकुंदरावांचा घसा कोरडा पडला होता. कोपऱ्यात तिवईवर माठ होता, त्यावर उपडं भांडं.

"बुवा, पाणी मिळेल का जरा?"

"मनाने तुला केव्हाच दिलं."

मुकुंदरावांना हसावं की नाही ते कळेना. त्यांनी माठाकडे पाहिलं. उठून घ्यावं, तर बुवांच्या परवानगीशिवाय माठाला हात लावायचा नाही, ही मठाची रीत. सभागृहात आदेश मोडला गेला होता तो चुकून. इथे चुकूनही हिंमत झाली नाही.

खिशातला फोन वाजला. अध्यक्ष. मुकुंदरावांनी तो वाजू दिला.

"चारला काय म्हणणार आहेस, ते तोंडात बसवून बघायला हवं," बुवा म्हणाले. "अंगणात हौसा बसली आहे. जा, तिला सांगून ये. चुकून गेलो म्हणावं."

"वहिनीला?"

"पत्रकारांना सांगता येतं, ते घरच्या माणसाला सांगायला काय जड आहे?"

"बुवा, ते नको..."

बुवा पुन्हा वाती वळू लागले. नावाप्रमाणे वागायची वेळ आली, की ते बरोबर ओळखत.

हौसावहिनी कडुनिंबाच्या सावलीत तूर निवडत बसल्या होत्या. दादा गेल्यावर त्यांना गावात हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. बारशाला, ओटीभरणाला कुणी बोलावलंच, तर मागच्या दाराने. मग त्या मठात येऊ लागल्या. मठात तूर निवडायला कुणाचे हात रिकामे आहेत आणि कुणाचे भरलेले, हे कुणी बघत नसे. हात चालतात का, एवढं पुरे.

मुकुंदराव त्यांच्यासमोर उभे राहिले. घरी त्यांची भेट व्हायची ती लग्नाकार्यात, लांबून. वहिनी मागे असायच्या आणि आमदार पुढे.

"बसा भाऊजी. असे उभे राहिलात की मला सभेत बसल्यासारखं वाटतं."

मुकुंदराव ओट्यावर टेकले.

"वहिनी, एक सांगायचं होतं."

"सांगा."

"त्या दिवशी मी त्या बाजूला... म्हणजे उजव्या दालनात गेलो ना..."

"हो."

"ते चुकून गेलो."

सुपातली तूर एकदा वर उडाली आणि खाली आली.

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"टीव्हीवर दाखवलं की. तुम्ही बोलत बोलत चालला होतात, हातवारे करत. मी शेजारच्या काशीला म्हटलं, हे भाऊजी काही विधेयकाला निघालेले नाहीत. हे पाटाच्या पाण्याला निघालेत."

मुकुंदरावांना एकदम हलकं वाटलं. इतके दिवस जे वाक्य तोंडातून निघत नव्हतं, ते वहिनींनी सुपातल्या खड्यासारखं उचलून बाजूला टाकलं होतं.

"राग नाही आला?"

"राग कशाचा? तुमचं आदल्या दिवशीचं भाषणही ऐकलं होतं. उंबरठ्याचं. तेव्हा आला होता."

"ते पक्षाचं होतं, वहिनी. माझ्या मनात..."

"तुमच्या मनाचं मला काय ठाऊक, भाऊजी. तुमचे दादा गेले त्या दिवशी तुम्ही विहिरीकडे तोंड करून उभे होतात. मला तुमची पाठ दिसली."

"मला बघवत नव्हतं."

"असेल. मला वाटलं, तुम्हाला काही वाटत नाही."

"वाटत होतं."

"पाठीवरून कळत नाही ते."

कडुनिंबाची एक काडी सुपात पडली. त्यांनी ती काढली.

"मला एक सांगा," वहिनी म्हणाल्या. "त्या दालनाचं दार लागलं की कोंडलीत का माणसं? चुकून आत गेला त्याने काय करायचं?"

"तशी सोय असते. मोजायला आलेला अधिकारी आधी विचारतो. कुणी चुकून आलं असेल तर निकाल जाहीर व्हायच्या आत सांगावं. मग नाव दुसरीकडे धरतात."

"मग तुम्हाला विचारायला विसरला वाटतं."

"नाही."

"म्हणजे विचारलं?"

"विचारलं."

"ऐकू आलं तुम्हाला?"

"आलं... अगदी माझ्यासमोर उभा होता. पुन्हाही विचारलं त्याने. तो मला ओळखतो. कुठल्या बाजूचा ते त्याला माहीत होतं. माझ्याकडे बघूनच विचारलं."

"मग तुम्ही काय केलं?"

मुकुंदरावांनी आठवून पाहिलं. अध्यक्षांनी विचारलं होतं, पत्रकारांनी विचारलं होतं, बायकोने विचारलं होतं. सगळ्यांनी एकच विचारलं होतं. गेलात कसे? पुढचं कुणी विचारलंच नव्हतं. त्यामुळे त्यांनीही ते स्वतःला सांगितलं नव्हतं.

"मी पाणी पीत होतो," ते म्हणाले.

वहिनींचे हात थांबले.

"शिपायाने पेला पुढे केला होता. मी तो घेतला. अधिकारी विचारत होता आणि मी पाणी पीत होतो."

"तहान लागली होती?"

"तशी नाही."

"मग?"

"पाणी गार होतं, वहिनी... हळूहळू प्यालो. संपेपर्यंत तो दुसऱ्या टोकाला गेला होता. पंधरा वर्षं त्या दालनात पाणी पितोय मी. असं कधी लागलं नव्हतं."

ओसरीवर वाती वळणारा हातही थांबला होता. मठाचं अंगण लहान आहे. तिथे बोललेलं ओसरीवर ऐकू जातं आणि बुवा कान झाकत नाहीत.

मग हौसावहिनी हसल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

"बांगड्यांची मला आता हौस राहिली नाही, भाऊजी. भाकरी थापताना अडतात. पण घालायच्या की नाही ते मी बघेन. दगड घेऊन कुणी यायचं कारण नाही."

"नाही."

"मग झालं तर. जा, तुमचे बुवा वाट बघतायत."

मुकुंदराव ओसरीवर आले. या वेळी मांडी बरी बसली.

"सांगितलंस?" बुवांनी विचारलं.

"सांगितलं."

"तोंडात बसलं?"

"अर्धंच बसलं. अर्धं ठाऊकच नव्हतं मला."

फोन पुन्हा वाजला. मुकुंदरावांनी तो घेतला. पलीकडून अध्यक्षांचा आवाज ओसरीभर ऐकू येत होता. सत्ता जाऊनही आवाज तेवढाच राहिला होता.

"हो साहेब... चारला आहेच... हो, चुकून गेलो, ते सांगतोच..."

पलीकडे समाधानाचा सुस्कारा ऐकू आला.

"पण साहेब, पुढचंही सांगतो... पुढचं म्हणजे, अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा मी बोललो नाही, तेही सांगतो... नाही, ऐकू आलं होतं... व्यवस्थित ऐकू आलं होतं... नाही साहेब, तब्येत ठीक आहे... नाही, कुणी फोडलं नाही मला. मी एकटाच आहे. मठात."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. एवढा खाली की आता ओसरीवर काही ऐकू येईना. मुकुंदराव ऐकत राहिले. मग त्यांनी फोन कानापासून दूर धरून पाहिला.

"ठेवला," ते म्हणाले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, यायची गरज नाही."

"मग?"

"जाणार. पत्रकार येणारच आहेत. अध्यक्षांच्या खुर्चीशेजारी खुर्ची नसेल, तर उभा राहून सांगेन."

एवढं बोलून मुकुंदराव हसू लागले. आधी बारीक, मग मोठ्याने. बुवांसमोर असं हसल्याचं त्यांना आठवत नव्हतं. हसताना मूठ उघडली आणि मघाची पाकळी चटईवर पडली.

"आमदारकी जाईल, बुवा."

"जाईल."

"तिकीटही जाईल."

"तेही जाईल."

"मग लोक मला काय म्हणतील?"

"आमदारच म्हणतील. मी इतकी वर्षं बोलतोय, मला अजून मौनी म्हणतात. लोक नावं बदलायचा त्रास घेत नाहीत."

अंगणातून तूर पाखडल्याचा आवाज येत होता. मुकुंदराव भिंतीला टेकले. आठवडाभर झोप नव्हती, ती आता पापण्यांवर उतरायला लागली होती. चारला अजून वेळ होता.

मग त्यांना पुन्हा तहान आठवली. पण ते काही बोलले नाहीत.

बुवांनी वातींचा पाट बाजूला सरकवला. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले. शिष्य आला म्हणून उठायची त्यांची पद्धत नव्हती, त्यामुळे मुकुंदराव गडबडून उभे राहिले. बुवा त्यांच्या शेजारून पुढे गेले, माठावरचं भांडं उचललं, काठोकाठ भरलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"घे. त्या दिवशीइतकं गार नसेल."